जलद इनपुट बसवूनही प्रोबचे माप फीडनुसार का बदलते?

मध्यबिंदू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एका उभ्या मिलिंग मशीनवर टच प्रोबने (टोकाची गोळी टेकताच सिग्नल देणाऱ्या मापनसाधनाने) जॉबचे शून्य घेणे आणि बोअर मोजणे हे माझे नेहमीचे काम आहे. प्रोबचा सिग्नल पूर्वी पीएलसीच्या (मशीनची बटणे आणि स्विच सांभाळणाऱ्या नियंत्रकाच्या) साध्या इनपुटवर येत असे. मिनिटाला १००० मिमी फीडने (अक्ष सरकण्याच्या वेगाने) त्याच रिंग गेजच्या (ज्ञात व्यासाच्या कड्याच्या) त्याच बाजूला पुन्हा पुन्हा स्पर्श केला, तर वाचन सुमारे ३० मायक्रॉनच्या पट्ट्यात कुठेही पडत असे. कंट्रोलरच्या मुख्य बोर्डावर जलद इनपुटची सोय होती, म्हणून प्रोबची तार तिकडे हलवली, संबंधित पॅरामीटर चालू केला, आणि हा फैलाव दोन मायक्रॉनच्या आत आला. इथपर्यंत सगळे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झाले.

अडचण पुढे आहे. रिंग गेजवर कॅलिब्रेशन करताना स्टायलसच्या (प्रोबच्या टोकाच्या काडीच्या) गोळीचा जो परिणामी व्यास (रिंगच्या व्यासातून प्रोबचा प्रवास वजा करून उरणारा) निघतो, तो फीड बदलला की बदलतो, आणि तो काही मायक्रॉनने नव्हे, तर चांगला डोळ्यांत भरेल इतका बदलतो. ज्या फीडने कॅलिब्रेशन केले त्याच फीडने पुढचे मोजमाप केले, तर माप अचूक येते. फीड बदलला की सगळे बिघडते. इनपुट जलद झाले, फैलाव गेला, मग फीडचा हा परिणाम कुठून येतो? आणि अखेरीस फीड सांभाळतच बसायचे असेल, तर जलद इनपुटाचा खटाटोप करण्यात अर्थ काय?

सावकाश_गडी

अर्थ नाही, असेच माझे मत आहे. मिनिटाला ६० मिमी फीड म्हणजे सेकंदाला १ मिमी, म्हणजेच एका मिलिसेकंदात १ मायक्रॉन. साध्या इनपुटाचा विलंब दोन मिलिसेकंद इकडेतिकडे झाला, तरी चूक दोन मायक्रॉनची. आधी जलद जाऊन स्पर्श करावा, थोडे मागे यावे आणि दुसरा स्पर्श ६० च्या फीडने घ्यावा. ही दोन स्पर्शांची पद्धत जुनी आहे, बिनखर्चाची आहे, आणि तिच्यासाठी एकही तार हलवावी लागत नाही.

तिसरा_अक्ष

सावकाश_गडी यांचे गणित बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष सगळीकडे लागू पडत नाही. एखाद्या जॉबवर चाळीस-पन्नास स्पर्श असतील, तर प्रत्येक ठिकाणी मागे येऊन पुन्हा सरपटत जाण्यात बराच सायकल टाइम जातो. शिवाय अगदी कमी फीडवर काही मशीनचे स्लाइड सलग न सरकता अडखळत सरकतात, आणि मग ज्या संथपणाच्या भरवशावर आपण अचूकता मागतो, तोच संथपणा अंगावर येतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. गोळी जॉबला टेकल्यापासून कंट्रोलरच्या हातात आकडा येईपर्यंत विलंबांची एक साखळी असते. आधी प्रोबची यंत्रणा थोडी वाकते आणि मग तिचा संपर्क तुटतो. प्रोब बिनतारी असेल, तर प्रकाशाने किंवा रेडिओने सिग्नल रिसीव्हरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. मग इनपुटाचा ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देणारा भाग) आणि त्यामागचा गोंगाट गाळणारा फिल्टर येतो. सीमेन्सच्या एस७-१२०० सारख्या पीएलसीत डिजिटल इनपुटाचा फिल्टर मुळात ६.४ मिलिसेकंदांवर ठेवलेला असतो. बटणे आणि लिमिट स्विच यांच्यासाठी ते योग्यच आहे, पण १००० च्या फीडवर तेवढ्या वेळात अक्ष १०० मायक्रॉनपेक्षा जास्त पुढे गेलेला असतो. त्यानंतर पीएलसीचा स्कॅन (इनपुट वाचून प्रोग्राम चालवण्याची एक फेरी) आणि शेवटी कंट्रोलरचे स्वतःचे आवर्तन.

या साखळीतले काही विलंब ठरावीक असतात आणि काही बदलते. ठरावीक विलंब कितीही मोठा असला, तरी तो त्याच फीडवर कॅलिब्रेशनमध्ये वजा होतो. बदलता विलंब मात्र कशानेच वजा होत नाही. सिग्नल स्कॅनच्या सुरुवातीला आला की शेवटी, हे नशिबावर असते, आणि तोच तुमचा ३० मायक्रॉनांचा फैलाव. १००० चा फीड म्हणजे मिलिसेकंदाला १६.७ मायक्रॉन, आणि ० ते २ मिलिसेकंद अनिश्चितता म्हणजे ० ते ३३ मायक्रॉन. फानुक कंट्रोलरच्या माहितीपुस्तिकांत साध्या स्किप सिग्नलसाठी (स्पर्श होताच उरलेली चाल सोडायला लावणाऱ्या) ० ते २ मिलिसेकंद आणि जलद स्किपसाठी ०.१ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी हेच आकडे दिलेले असतात. जलद इनपुटाने अनिश्चितता घालवली. ठरावीक भाग तो घालवेलच, असे कुणी म्हटले नव्हते.

जुना_फिटर

थोडक्यात, रोज ठरलेल्या वेळेनेच उशिरा येणाऱ्या माणसाबद्दल तक्रार नसते, कधी उशिरा आणि कधी वेळेवर येणाऱ्याबद्दल असते.

रजिस्टर_वाचक

तिसरा_अक्ष यांच्या प्रतिसादात एक महत्त्वाची पुरवणी जोडतो, कारण या विषयावरच्या चर्चांत नेमकी हीच गोष्ट निसटते. इनपुट किती लवकर वाचले गेले यापेक्षा, सिग्नल आला त्या क्षणीचे स्थान कुठे नोंदले गेले का, हा खरा प्रश्न आहे. पत्र उशिरा पोहोचले तरी चालते, त्यावर तारखेचा शिक्का असला म्हणजे झाले.

हा शिक्का मारण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली हार्डवेअर लॅचची, म्हणजे सर्किटनेच आकडा पकडून ठेवण्याची. एन्कोडरचे (अक्षाचे स्थान सांगणाऱ्या साधनाचे) ए आणि बी चॅनल मोजणाऱ्या काउंटरशेजारी दुसरे एक रजिस्टर असते, आणि जलद इनपुटावर ठरलेली एज (सिग्नलचा चढ किंवा उतार) आली की काउंटरमधली संख्या त्याच क्षणी तिथे उतरवली जाते. मध्ये ना सॉफ्टवेअर, ना इंटरप्ट. प्रोग्रामने ती संख्या नंतर सवडीने वाचली तरी काही बिघडत नाही. २५०० रेषांच्या एन्कोडरला चौपट मोजणीने फेरीला १०,००० काउंट मिळतात. स्क्रूचा पिच १० मिमी असेल, तर एक काउंट म्हणजे १ मायक्रॉन. ३००० आरपीएमला सेकंदाला ५ लाख काउंट पडतात, तरीही लॅचची चूक एका काउंटच्या आसपासच राहते.

दुसरी पद्धत वेळेची नोंद करण्याची. इनपुट मॉड्यूल एज कोणत्या वेळी आली एवढेच लिहून ठेवते, सर्व्होचे (अक्षाच्या मोटरच्या नियंत्रणाचे) आवर्तन आपल्या लयीत स्थान नोंदत राहते, आणि त्या वेळेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दोन नोंदींवरून मधले स्थान काढले जाते. इथरकॅट या औद्योगिक नेटवर्कवर सगळ्या घटकांची घड्याळे एका मायक्रोसेकंदाहून खूपच कमी फरकाने जुळवलेली असतात, त्यामुळे हे शक्य होते. दोन नोंदींमध्ये वेग बदलत असेल तर सरळ रेषेने काढलेले स्थान थोडे चुकते, पण ती चूक प्रवेग गुणिले आवर्तनाचा वर्ग भागिले आठ एवढ्यावर जात नाही. एक मीटर प्रति सेकंद वर्ग प्रवेग आणि एक मिलिसेकंदाचे आवर्तन धरले, तर ०.१२५ मायक्रॉन. म्हणजे आवर्तन संथ असले, तरी मोजमाप संथ ठरत नाही.

नवशिका_ऑपरेटर

प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. आमच्या मशीनवरचे एन्कोडर ॲब्सोल्यूट (थेट स्थान सांगणारे) आहेत, त्यांना ए आणि बी चॅनलच नाहीत. मग काउंटर कुठला आणि लॅच कशाला करणार?

रजिस्टर_वाचक

प्रश्न अजिबात बाळबोध नाही. असा एन्कोडर स्थान सतत पाठवत नाही, विचारले की सांगतो. उदाहरणार्थ, एनडॅट या एन्कोडरच्या संवादपद्धतीत ड्राइव्हने (मोटर चालवणाऱ्या युनिटने) पाठवलेल्या क्लॉकच्या पहिल्या उतरत्या एजला एन्कोडर आपले स्थान पक्के करतो आणि मग ते बिट-बिट पाठवतो. विचारण्याचा क्षण ड्राइव्हच्या आवर्तनाने ठरतो, प्रोबच्या सिग्नलने नव्हे. म्हणून अशा ठिकाणी दुसरी पद्धतच कामी येते, म्हणजे प्रोबच्या एजची वेळ नोंदायची आणि दोन वाचनांमधले स्थान काढायचे. बहुतेक आधुनिक ड्राइव्ह हे आतल्या आत करतात आणि बाहेर फक्त आकडा देतात. ड्राइव्हसाठीच्या सीआयए ४०२ या प्रमाणित प्रोफाइलमध्ये त्यासाठी नेमलेली जागाच आहे. ६०बी८ मध्ये टच प्रोबचा आदेश लिहायचा, ६०बी९ मध्ये स्थिती पाहायची, चढत्या एजचे स्थान ६०बीए मध्ये आणि उतरत्या एजचे ६०बीबी मध्ये मिळते.

तार_आणि_टर्मिनल

मंडळी, रजिस्टरपर्यंत पोहोचण्याआधी सिग्नल तारेतून येतो, याची आठवण करून द्यावीशी वाटते. जलद इनपुट जलद असतो, कारण त्याच्यामागचा फिल्टर काढलेला किंवा अगदी बारीक केलेला असतो. साधा इनपुट जो गोंगाट निमूटपणे गिळून टाकत होता, तो आता थेट लॅचपर्यंत जातो. स्पिंडल ड्राइव्हच्या मोटर केबलला खेटून प्रोबची तार नेली असेल, तर गोळी हवेत असतानाच ‘स्पर्श झाला’ अशी नोंद होते. शील्ड असलेली पिळाची जोडतार वापरावी, ती पॉवर केबलपासून दूर न्यावी आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

ऑप्टोकपलरबद्दलही एक सांगतो. पीसी८१७ सारखा साधा ऑप्टो चालू होताना आणि बंद होताना सारखा वेळ घेत नाही, आणि मागचा लोड रेझिस्टर मोठा असेल, तर बंद होण्याचा वेळ बराच लांबतो. म्हणजे प्रोब सर्किट उघडतो की बंद करतो आणि कंट्रोलर कोणती एज पाहतो, यावर विलंब अवलंबून राहतो. ६एन१३७ सारख्या जलद ऑप्टोत हा सगळा व्यवहार साधारण शंभर नॅनोसेकंदांच्या आत उरकतो, त्यामुळे तिथे काळजी नसते.

सावकाश_गडी

म्हणजे फिल्टर काढायचा आणि मग गोंगाटाशी लढायचे. मी म्हणतो तो संथ फीड पुन्हा एकदा विचारात घ्यावा!

तार_आणि_टर्मिनल

फिल्टर काढायलाच हवा असे नाही, तो कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. रेझिस्टर आणि कपॅसिटरचा फिल्टर पुरवठ्याचा व्होल्टेज आणि इनपुटाचा उंबरठा यांनुसार आपला विलंब बदलतो. डिजिटल फिल्टर क्लॉकवर चालत असल्याने त्याचा विलंब एका क्लॉकच्या फरकाने कायम राहतो. क्लॉक पुरेसा जलद असेल, तर ०.१ मिलिसेकंदाचा डिजिटल फिल्टर ठेवूनही मोजमाप बिघडत नाही, कारण तो विलंब ठरावीक असतो.

संपर्काच्या थरथरीसाठी तर त्याहून सोपे आहे. यांत्रिक संपर्क थरथरतो तो पहिल्या एजनंतर, आधी नव्हे. म्हणून पहिल्या एजला स्थान लॅच करून घ्यावे आणि पुढचे काही मिलिसेकंद इनपुटाकडे दुर्लक्ष करावे. पुष्कळ ठिकाणी याच्या उलट केले जाते, म्हणजे थरथर थांबेपर्यंत वाट पाहून मग स्थान वाचले जाते. मशीनच्या स्टॉपसाठी ते चालेल, मापासाठी नाही.

शून्य_ऑफसेट

धागाकर्त्यांनी आकडे दिलेले नाहीत. ‘डोळ्यांत भरेल इतका’ म्हणजे किती? गोळी किती मिमीची, रिंग किती मिमीची आणि कोणत्या फीडला कोणता व्यास निघाला, हे कळल्याशिवाय बाकी चर्चा हवेत चालली आहे.

मध्यबिंदू (धागाकर्ता)

रास्त सूचना. रिंग गेज ५० मिमीचा आहे, गोळी ६ मिमीची. मिनिटाला १०० मिमी फीडने परिणामी व्यास ५.८८० मिमी, ५०० ने ५.४३४ मिमी आणि १००० ने ४.८७७ मिमी. प्रत्येक फीडवर पुन्हा मोजले तरी हेच आकडे दोन-तीन मायक्रॉनच्या फरकाने येतात. प्रोब तारेचा आहे, त्यामुळे बिनतारी विलंबाचा प्रश्न नाही.

शून्य_ऑफसेट

आता प्रकरण मोकळे झाले. हे आकडे जवळजवळ एका सरळ रेषेवर आहेत. व्यासात दोन बाजूंच्या चुका मिळून येतात, म्हणून फरक निम्मा करून घेऊ. १०० ते १००० या बदलात व्यास १.००३ मिमीने घटला, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ०.५०१ मिमी. फीड ९०० ने वाढला, म्हणजे सेकंदाला १५ मिमीने. ०.५०१ ला १५ ने भागले तर ०.०३३४ सेकंद येतात.

तब्बल ३३.४ मिलिसेकंद! जलद इनपुट इतका सुस्त नसतो. इनपुटाचा दोष असता तर हा आकडा ०.१, २ किंवा फार तर ६ च्या आसपास आला असता. ३३.३ मिलिसेकंद हा आकडा मात्र सर्व्होवर काम करणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. पोझिशन लूपचा गेन (स्थानातल्या फरकाच्या किती पट वेग दिला जातो तो आकडा) सेकंदाला ३० असेल, तर अक्ष आपल्या आदेशाच्या बरोबर एक तीसांश सेकंद मागे चालतो. १००० च्या फीडला हा लॅग १६.६७ भागिले ३०, म्हणजे ०.५५६ मिमी.

तुमचा जलद इनपुट स्थान अचूक क्षणी लॅच करतो आहे, पण ते आदेशाचे स्थान आहे, अक्षाचे प्रत्यक्ष स्थान नव्हे. गोळी भिंतीला टेकते तेव्हा आदेश अर्धा मिलिमीटर पुढे निघून गेलेला असतो. दोन्ही बाजूंना तो पुढेच असल्याने गोळीचा प्रवास मोठा दिसतो आणि व्यास लहान निघतो.

जुना_फिटर

घड्याळ उत्तम होते, फक्त दुसऱ्याच गाडीची वेळ टिपत होते.

तिसरा_अक्ष

शून्य_ऑफसेट यांनी लावलेला हिशेब पटला. यावर उपाय कंट्रोलरप्रमाणे वेगवेगळा आहे. फानुकमध्ये जी३१ ने स्किप केल्यावर स्थान #५०६१ पासूनच्या व्हेरिएबलमध्ये मिळते, आणि प्रवेग-मंदन व सर्व्होचा लॅग यांची भरपाई करायची की नाही हे पॅरामीटर ६२०१ च्या पहिल्या दोन बिटांनी ठरते. जलद स्किपचा बिट ६२०० मध्ये आणि भरपाईचे बिट ६२०१ मध्ये, म्हणून एक चालू करताना दुसरा सहज नजरेआड होतो. सीमेन्सच्या सिन्युमेरिक कंट्रोलरमध्ये एमईएएस हा आदेश स्पर्श होताच उरलेले अंतर सोडून देतो, एमईएडब्ल्यू ते सोडत नाही, आणि एज चढती की उतरती हे आकड्याच्या चिन्हावरून सांगायचे असते. धागाकर्त्यांचा कंट्रोलर कोणताही असो, पुस्तिकेत ‘स्किप स्थानाला सर्व्हो लॅगची भरपाई’ किंवा ‘प्रत्यक्ष स्थान’ अशा अर्थाचा पर्याय शोधावा.

फीडफॉरवर्ड (आदेशाचा वेग सर्व्होला आधीच देणे) पुरेसा लावला, तर स्थिर वेगाला लॅग जवळजवळ नाहीसा होतो, हाही एक मार्ग आहे. पण मोजमापासाठी सर्व्होची जुळणी बदलावी, असे मी सुचवणार नाही. तिचे परिणाम कटिंगवर होतात.

उतार_आणि_छेद

फीड कायम ठेवला तर सगळे ठीक, असे वर अनेकांनी गृहीत धरले आहे. त्याला एक अट आहे आणि ती धावेच्या अंतराची आहे. लॅग एकदम पूर्ण होत नाही. गेन ३० असेल तर त्याचा काळ ३३ मिलिसेकंद, आणि लॅग एक टक्क्याच्या आत स्थिरावायला त्याच्या पाच पट, म्हणजे सुमारे १६७ मिलिसेकंद लागतात. १००० च्या फीडला तेवढ्यात आदेश २.८ मिमी पुढे जातो. प्रोब भिंतीपासून एकच मिमी दूर उभा करून १००० ने सोडला, तर लॅग पूर्ण तयार होण्याआधीच स्पर्श होतो आणि तेच कॅलिब्रेशन, तोच फीड असूनही माप वेगळे येते. जॉब थोडा सरकवून लावला की बोअरचा व्यास बदलतो, अशा विचित्र तक्रारींच्या मुळाशी अनेकदा हे असते.

ओव्हरराइडचा (फीड टक्केवारीने कमी-जास्त करणारा) नॉबही असाच. फानुकमध्ये जी३१ च्या ब्लॉकमध्ये ओव्हरराइड आणि ड्राय रन (कटिंगशिवायची चाचणी चाल) मुळात निष्क्रिय असतात आणि पॅरामीटरनेच चालू करता येतात, ते याच कारणाने. ज्या कंट्रोलरवर अशी सोय नाही, तिथे कुणी नॉब ५० टक्क्यांवर सोडून गेले तर तुमचा ‘ठरावीक’ विलंब अर्धे अंतर दाखवू लागतो.

नवशिका_ऑपरेटर

होमिंगलाही (मशीनने आपले शून्य शोधण्यालाही) हेच लागू पडते का? आमच्याकडे मशीन दोनदा होम केले की शून्य कधीकधी किंचित हलते.

रजिस्टर_वाचक

तत्त्व तेच आहे. नुसत्या होम स्विचवर शून्य ठरत असेल, तर स्विचची यांत्रिक चूक आणि स्कॅनची अनिश्चितता दोन्ही येतात. म्हणून स्विच फक्त ‘जवळ आलो’ एवढे सांगतो आणि पुढचे शून्य एन्कोडरच्या (फेरीत एकदाच येणाऱ्या) झेड पल्सवर हार्डवेअरनेच लॅच केले जाते. झेड पल्स साधारण एका काउंटइतकाच रुंद असतो. तो सॉफ्टवेअरने पाहत बसलात तर वेगात दिसणारही नाही. मात्र स्विच नेमका झेड पल्सच्या काठावर लागत असेल, तर कधी हा पल्स धरला जातो आणि कधी पुढचा, आणि शून्य स्क्रूच्या एका पूर्ण फेरीने सरकते. तुमचे ‘किंचित’ हलते आहे, म्हणजे बहुधा झेड वापरलाच जात नसावा. स्विच तपासण्याआधी तेवढे पाहा.

सावकाश_गडी

लिनक्ससीएनसी हे संगणकावरचे कंट्रोलर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक नोंद. तिथे जी३८.२ या प्रोबिंगच्या आदेशात प्रोब इनपुट सर्व्हो थ्रेडच्या प्रत्येक आवर्तनाला पाहिला जातो, आणि ते आवर्तन सहसा एक मिलिसेकंदाचे असते. खास हार्डवेअर लॅच जोडलेला नसेल, तर ६० च्या फीडला एक मायक्रॉन आणि ६०० ला दहा मायक्रॉन एवढी अनिश्चितता धरूनच चालावे. अशा ठिकाणी संथ दुसरा स्पर्श हाच शहाणपणा आहे, हे तरी सर्वांना मान्य व्हावे.

तिसरा_अक्ष

तिथे पूर्ण सहमत. लॅच नसेल तर संथपणा हाच लॅच.

मध्यबिंदू (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. शून्य_ऑफसेट यांचे निदान बरोबर निघाले. पोझिशन गेन ३० च आहे, आणि स्किप स्थानासाठी प्रत्यक्ष स्थान घेण्याचा पर्याय वेगळ्या पानावर होता, तो मुळात बंद होता. तो चालू करून, प्रत्येक स्पर्शाला पुरेशी धाव देऊन पुन्हा कॅलिब्रेशन केले. आता १०० च्या फीडने ५.९९१ मिमी आणि १००० ने ५.९८८ मिमी येतो.

फीडमुळे पडणारा हा तीन मायक्रॉनचा फरक मला चालण्यासारखा आहे. पण अगदी संथ गेलो तरी व्यास ६.००० होत नाही, नऊ मायक्रॉन कमीच राहतात. तेही कुठल्या तरी विलंबाचेच आहेत का?

शून्य_ऑफसेट

तीन मायक्रॉनांवर तोच हिशेब लावा. एका बाजूला दीड मायक्रॉन, वेगातला फरक सेकंदाला १५ मिमी, म्हणजे ०.१ मिलिसेकंद. हा तुमच्या जलद इनपुटाचा खरा विलंब, आणि आता पहिल्यांदाच तो उघडा दिसतो आहे, कारण त्याच्यावर बसलेला लॅग निघाला. फीडबरोबर बदलणारा भाग वेळेचा असतो. शून्य फीडलाही जो उरतो तो वेळेचा नसतो. ते नऊ मायक्रॉन, म्हणजे बाजूला साडेचार, अंतराचे आहेत, आणि त्यांच्यावर जगातला कोणताही जलद इनपुट चालणार नाही.

उतार_आणि_छेद

ते साडेचार मायक्रॉन मुख्यतः प्रोबच्या पूर्व-प्रवासाचे, म्हणजे गोळी टेकल्यानंतर स्टायलस वाकून संपर्क सुटेपर्यंत अक्ष जेवढा पुढे जातो त्याचे असावेत. गोळीच्या स्वतःच्या व्यासातली तफावतही त्यात मिसळलेली असेल.

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच. टच ट्रिगर प्रोब १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी कॉन्कॉर्डच्या ऑलिंपस इंजिनाच्या कामासाठी तयार केला, आणि त्यातूनच १९७३ मध्ये रेनिशॉ कंपनी उभी राहिली. त्याची मूळ रचना आजही वापरात आहे. तीन दांड्या, प्रत्येक दांडी दोन गोळ्यांवर टेकलेली, वरून स्प्रिंगचा दाब, आणि त्या सहा संपर्कांतून वाहणारा विद्युतप्रवाह. स्टायलस ढकलला की एखादा संपर्क सैल होतो, रोध वाढतो आणि सिग्नल मिळतो. टेकण्याच्या जागा तीन दिशांना असल्याने काही दिशांनी ढकलायला कमी बळ लागते आणि काही दिशांनी जास्त. त्यामुळे पूर्व-प्रवासही दिशेप्रमाणे बदलतो, आणि अचूक गोल रिंगसुद्धा तीन फुगवट्यांची दिसते. स्टायलस जितका लांब, तितका हा परिणाम मोठा. स्ट्रेन गेज (ताण मोजणारे सेन्सर) असलेल्या प्रोबमध्ये तो बराच कमी होतो.

मध्यबिंदू (धागाकर्ता)

म्हणजे मी दोनच अक्षांच्या दिशेने कॅलिब्रेशन करतो आहे, ते तिरक्या दिशेने घेतलेल्या स्पर्शाला लागू पडणार नाही?

उतार_आणि_छेद

काही मायक्रॉनने चुकेल. तिरके स्पर्श नेहमीचे असतील, तर रिंग गेजवर त्या-त्या दिशांनाही कॅलिब्रेशन घ्यावे आणि दिशेप्रमाणे वेगवेगळी त्रिज्या वापरावी. स्पिंडल ओरिएंट करूनच (ठरलेल्या कोनात थांबवूनच) मोजावे, नाहीतर प्रोबचे फुगवटे दर वेळी नव्या कोनात बसतील. स्टायलस बदलला की हे सगळे नव्याने करावे लागते.

तार_आणि_टर्मिनल

आणि इनपुट कार्ड किंवा केबल बदलली तर दोन वेगळ्या फीडला रिंग मोजून तो ०.१ मिलिसेकंद अजून ०.१ च आहे ना, एवढे पाहून घ्या. मोजायला पाच मिनिटे लागतात.

मध्यबिंदू (धागाकर्ता)

दोन फीडची ही तपासणी आता कॅलिब्रेशनच्या मॅक्रोमध्येच घालतो. निघालेला विलंब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर अलार्म द्यावा असे डोक्यात आहे.

सावकाश_गडी

त्यातला एक फीड ६० ठेवा, म्हणजे माझेही समाधान होईल.